क्रोशाच्या ऑक्टोपसमधून कापूस बाहेर दिसतोय? उसवण्याआधी हे तपासा

पहिला ऑक्टोपस विणून झाला, आत फायबर भरलं, आणि डोक्यावर जागोजागी पांढरे ठिपके दिसायला लागले. शनिवारी माझ्याकडे क्रोशा शिकायला येणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीचा हा पहिला प्रश्न असतो. बऱ्याच जणी तो विचारण्याआधीच सगळं उसवून बसलेल्या असतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. निम्म्याहून जास्त वेळा एकही टाका न उसवता काम झालं असतं. हाच दोष मी इतक्या डोक्यांवर निस्तरला आहे की आता कुठे भोक आहे हे पाहिलं की कारण बहुतेक कळतं.

आधी लक्षणं नीट बघा. आपल्या खेळण्यात यातलं नेमकं काय होतंय?

- सगळ्या डोक्यावर सारखी बारीक भोकं, जाळी धरल्यासारखी.
- भोकं फक्त खालच्या भागात, जिथे टाके कमी केले तिथे, एकाखाली एक तिरक्या रांगेत.
- अगदी माथ्यावर, मधोमध एकच भोक, ओढलं की मोठं होणारं.
- डोक्याभोवती गोल गेलेली एक रेघ, तिथे विण पातळ झालेली.
- भोकं फारशी नाहीत, पण डोकं एका बाजूला कलतं किंवा खाली निमुळतं होऊन उलट्या शंकूसारखं दिसतं.
- पाय गोल वळत नाहीत, सरळ लोंबतात.

ओळखायची सोपी युक्ती अशी. डोकं अजून बंद केलं नसेल तर फायबर काढून घ्या, मोबाइलचा टॉर्च आत धरा आणि खोलीतला दिवा मालवा. उजेड कुठून बाहेर येतो ते डोळ्यांनी स्पष्ट दिसतं. सगळीकडून सारखा आला तर दोष सुईचा, सुताचा किंवा टाक्याच्या प्रकाराचा. रांगेत आला तर टाके घटवण्याचा. माथ्यावरून आला तर सुरुवातीच्या रिंगचा, म्हणजे ज्या सुताच्या फासात पहिली फेरी विणतो त्याचा. या एका तपासणीने पुढची अर्धी मेहनत वाचते, म्हणून ती गाळू नका.

माझा नमुना सांगून ठेवते, म्हणजे पुढचे आकडे समजतील. पाच पदरी मिल्क कॉटन सूत, 2.5 मिमीची सुई. रिंगमध्ये 6 मुके खांब (अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे, सगळं खेळणं याच टाक्याचं), मग प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवत 12, 18, 24, 30, 36. पुढच्या सात फेऱ्या 36 वरच. मग 30, मग 24, आणि तिथून आठ पाय, दर तीन टाक्यांना एक. खालची चकती वेगळी विणून शिवायची. डोकं संत्र्यापेक्षा थोडं लहान होतं.

पहिली तपासणी: कुठली बाजू बाहेर आहे?

फुकट आणि एका मिनिटाची. मुक्या खांबाच्या विणीला सुलट आणि उलट बाजू असते. सुलट बाजूवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे टाके नीट ओळीत दिसतात. उलट बाजूवर प्रत्येक टाक्यावर एक आडवी गाठ दिसते. वाटी तयार व्हायला लागली की ती आपोआप उलटी वळते, आणि नवशिक्या हाताला ते योग्यच वाटतं. मग उलट बाजू बाहेर राहते. त्या बाजूने टाक्यांमधल्या फटी जास्त उघड्या दिसतात, घटवलेले टाकेही ठसठशीत दिसतात.

डोकं बंद केलं नसेल तर टोपी उलटवतात तसं उलटवा आणि पुन्हा टॉर्च लावा. इथून पुढे विणताना सुई बाहेरून आत जायला हवी, आणि विणायची कड आपल्या जवळची हवी. सुई वाटीच्या आतून बाहेर येत असेल तर समजा की विण पुन्हा उलटली. माझ्याकडे आणलेल्या डोक्यांपैकी कितीतरी फक्त उलटवून बरी झाली आहेत.

दुसरी: भरलंय किती, आणि काय?

हेही स्वस्तातलं. भोकं दिसली की बायका आणखी फायबर कोंबतात, वाटतं की घट्ट भरलं की बंद होतील. होतं उलटं. विण ताणते, प्रत्येक टाका उघडतो. अंगठ्याने दाबल्यावर डोकं थोडं आत जाऊन लगेच परत आलं पाहिजे. चेंडूसारखं टणक लागत असेल तर मूठभरातलं चिमूटभर काढा आणि पुन्हा बघा.

भरायला उशांत घालतात ते पॉलिएस्टर फायबर घ्या, आणि ते बोटांनी पिंजून, ढगासारखं मोकळं करून थोडं थोडं भरा. गोळा तसाच कोंबला तर एका बाजूला फुगवटा येतो आणि डोकं कलल्यासारखं दिसतं, विण बरोबर असली तरी. घरचा गादीचा कापूस वापरू नका असं मी आवर्जून सांगते. तो धुतल्यावर आत गोळे होऊन बसतो आणि लवकर वाळत नाही. आमच्याकडे रत्नागिरीत जून ते सप्टेंबर कपडेच वाळत नाहीत, तिथे कापसाचं खेळणं आतून कुबट होणार हे ठरलेलंच.

गडद निळं किंवा काळं सूत असेल तर उत्तम विणीतूनही पांढरं फायबर डोकावतं. त्याला उसवण्याची गरज नाही. जुन्या गडद स्टॉकिंगचा तुकडा आत अस्तरासारखा लावा आणि त्यात फायबर भरा. त्याच सुताचे कापून उरलेले तुकडे पिंजून बाहेरच्या थराला लावले तरी चालतं.

तिसरी: टाका नक्की कोणता घातलाय?

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळीकडून सारखा उजेड येत असेल तर मला पहिली शंका इथेच येते.

इंग्रजी नमुन्यांची भाषा दोन प्रकारची आहे. अमेरिकन नमुन्यात जो सिंगल क्रोशे, तोच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे. टाका एकच, आपला मुका खांब. पण अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब, सुईवर आधी एक वेढा घेऊन घातलेला, जवळजवळ दुप्पट उंच. आता समजा नमुना ब्रिटिश आहे आणि टाके तुम्ही अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलात. नमुन्यात डबल लिहिलंय म्हणून तुम्ही खांब घालता. प्रत्येक दोन खांबांमध्ये फट राहते, डोकं उभट होतं, आणि कितीही घट्ट विणलं तरी जाळीच दिसते. रुमालाला, तोरणाला ती जाळी शोभते. भरायच्या खेळण्याला नाही.

ओळखायचं कसं? नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द आला तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत टाक्याला ते नावच नाही. आणि भरलेल्या खेळण्याच्या नमुन्यात सगळीकडे डबलच डबल दिसलं तर तो ब्रिटिश असण्याची शक्यता खूप. एक टाका घालून बघा: सुई टाक्यात घातली, सूत ओढून घेतलं, सुईवर दोन फास राहिले, पुन्हा सूत घेऊन दोन्हीतून एकदम काढलं. एवढंच. सुई टाक्यात घालण्याआधी वेढा घेत असाल तर तो मुका खांब नव्हे.

याच तपासणीत आणखी एक पाहून घ्या. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर वेणीसारख्या दोन तारा असतात. सुई दोन्हींच्या खालून जायला हवी. नुसत्या मागच्या तारेतून गेली तर त्या फेरीत बाहेरून एक रेघ उठते आणि तिथली विण पातळ होते. डोक्याभोवती गोल रेघ दिसत असेल तर कारण हेच. एखादी फेरी घाईत, टीव्ही बघत विणली की असं होतं. रेघ एकच असेल आणि फायबर दिसत नसेल तर मी ती राहू देते, ऑक्टोपसच्या कपाळावर ती वाईट दिसत नाही.

चौथी: टाके मोजा

डोकं कलत असेल किंवा निमुळतं होत असेल तर आधी हेच करा. बंद केलेल्या डोक्यावरही मोजता येतं, फक्त वेळ लागतो.

ही खेळणी गोल गोल, फेरी न जोडता विणतात. फेरी कुठे सुरू झाली ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात खूण लावायची: सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा. खूण नसेल तर 36 च्या सात फेऱ्यांत दर फेरीला एखादा टाका गळतो, सातव्या फेरीला तुम्ही 30 च्या आसपास येता, आणि डोकं वर रुंद खाली अरुंद होतं. उलट, काही जणी सवयीने फेरी संपल्यावर ती जोडायला स्लिप स्टिच (बिनउंचीचा जोडटाका) घालतात आणि पुढच्या फेरीत त्या टाक्यातही मुका खांब विणतात. मग टाके वाढत जातात आणि एकाच बाजूला फुगा येतो. कलतं डोकं घेऊन कोणी आलं की मी आधी विचारते, फेरी जोडली होतीस का?

एकदोन टाक्यांचा फरक असेल तर उसवू नका. पुढच्या फेरीत डोक्याच्या मागच्या बाजूला एक वाढवा किंवा कमी करा, कुणाला कळणार नाही. पाचसहांचा फरक असेल तर जिथे आकडा बिघडला तिथपर्यंत उसवा. त्याला पर्याय नाही.

मोजलेले टाके बरोबर असूनही टाक्यांच्या रांगा तिरक्या दिसतात, हे मात्र चुकलेलं नाही. गोल विणीत टाका दर फेरीला थोडा सरकतोच. म्हणून डोळ्यांची जागा टाके मोजून ठरवू नका. पाय खाली सोडून खेळणं समोर ठेवा, टाचण्या लावून बघा, मगच डोळे बसवा.

पाचवी: सुई

इथे थोडा खर्च आहे, पण नवी सुई सुताच्या गुंडीपेक्षा महाग पडत नाही.

सुताच्या लेबलावरचा सुईचा आकडा शाल, स्वेटरसाठी असतो, ज्यांना झोळ हवा असतो. खेळण्याला घट्ट विण लागते. म्हणून लेबलाच्या आकड्यापेक्षा निदान अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्या. पाच पदरी मिल्क कॉटनला मी 2.5 मिमी वापरते, चार पदरी अॅक्रिलिकला 3 मिमी. दुकानात नुसते नंबर असलेल्या सुया मिळतात, त्यात गोंधळ फार होतो, कारण नंबरांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. मिलिमीटर छापलेली सुईच मागून घ्या.

पूर्ण डोकं पुन्हा विणण्याआधी नुसती चार फेऱ्यांची चकती विणा, 24 टाक्यांपर्यंत, आणि ती खिडकीसमोर धरून किंचित ताणा. ताणल्यावर उजेड टाचणीच्या टोकाएवढा आला तर सुई बरोबर आहे. सुई टाक्यात शिरतच नसेल, दर टाक्याला जोर लावावा लागत असेल, तर फार बारीक झाली.

हातही एक भाग आहे. एप्रिल-मेमध्ये बोटं घामेजतात, सूत बोटावर अडकतं आणि विण आपोआप घट्ट होते. त्याच बाईची तीच सुई डिसेंबरात सैल विणते. एक डोकं दोन ऋतूंत विणलं तर फरक दिसतो, हे मी स्वतःच्या कामात पाहिलं आहे. डोकं शक्यतो एका बैठकीत, नाहीतर एका आठवड्यात संपवा.

सहावी: टाके कमी कसे करताय?

रांगेत आलेल्या भोकांचं कारण हे. दोन टाके एकत्र घेताना सुई चारही तारांमधून गेली की तिथे जाड गाठ होते आणि तिच्या शेजारी फट पडते. त्याऐवजी पहिल्या टाक्याची फक्त पुढची तार सुईवर घ्या, लगेच दुसऱ्याची फक्त पुढची तार घ्या, मग सूत ओढून एरवीसारखा मुका खांब पुरा करा. दोन्ही तारा एकमेकींना चिकटतात आणि घट बाहेरून दिसतच नाही. हे एक तंत्र शिकलात तर तुमची खेळणी एका दिवसात सुधारतील, मी अतिशयोक्ती करत नाही.

घटी एकाखाली एक आल्या तरी आकार षटकोनी होतो. 36 वरून 30 ला जाताना चार मुके खांब आणि एक घट, असं सहा वेळा. मग 30 वरून 24 ला जाताना पहिली घट एका टाक्यानंतर घ्या, पुढे दर तीन मुक्या खांबांनी एक, आणि उरलेले दोन मुके खांब फेरीच्या शेवटी. असं केलं की घटी वरच्या घटींखाली येत नाहीत, मध्ये पडतात.

सातवी: माथ्यावरची रिंग

सुरुवातीचं शेपूट ओढून रिंग बंद केली, पण दोरा लगेच कापला, तर भरल्यावर ती हळूहळू उघडते. दोरा निदान 10 सेंटिमीटर ठेवा. आतल्या बाजूने तो शिवणाच्या सुईत ओवून रिंगभोवती त्याच दिशेने दोनदा फिरवा, मग उलट दिशेने एकदा. नंतरच कापा. डोकं बंद झालं असेल तर त्याच रंगाच्या सुताने बाहेरून सहा टाक्यांच्या मुळातून एक गोल धावदोरा घाला, ओढा, गाठ मारून टोक आत ढकला. एवढ्याने निभावतं.

आठवी, सगळ्यात कष्टाची: टाक्याची पद्धत बदला आणि पुन्हा विणा

वरचं सगळं बरोबर असूनही विण सैल वाटत असेल तर टाक्यात सुई घातल्यावर सूत सुईवरून वेढून घेण्याऐवजी सुईचं तोंड सुताच्या वरून नेऊन ते खेचून घ्या. पुढचं ओढणं नेहमीसारखंच. टाका व्हीऐवजी फुलीसारखा दिसतो, थोडा लहान आणि बराच घट्ट होतो. पण हे अर्ध्यात बदलू नका, वरचा आणि खालचा भाग वेगळा दिसेल. पहिल्या रिंगपासून सुरू करायचं. उसवलेलं सूत कुरळं झालेलं असतं, ते खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून, ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मग वापरा. तसंच वापरलं तर टाके लहानमोठे येतात.

पायांबद्दल थोडक्यात, कारण तिथे चूक एकच असते. 25 साखळ्या घालून परत येताना प्रत्येक साखळीत दोन किंवा तीन मुके खांब घातले की पाय स्क्रूसारखा वळतो. एकेकच घातला तर सरळ राहतो. साखळी इतकी घट्ट असेल की तीन टाके मावत नाहीत, तर फक्त साखळीपुरती जाडी सुई घ्या. पाय मोजूनच चकती शिवा. मालवणकडच्या एका छोट्याने माझ्या ऑक्टोपसचे पाय मोजून सांगितलं होतं की म्हाकुलाला (स्क्विडला) दहा असतात, याचे दोन कमी आहेत. त्याचं म्हाकुलाबद्दलचं बरोबर होतं. ऑक्टोपसला आठच.

कधी थांबायचं आणि कुणाला विचारायचं

तीनदा उसवूनही भोकं त्याच जागी येत असतील तर चौथ्यांदा एकटीने उसवू नका. ओळखीतल्या, क्रोशा येणाऱ्या मावशी-काकूंकडे किंवा शिकवणाऱ्या बाईंकडे जा. फोटो पाठवून भागत नाही. सुई, सूत आणि बिघडलेलं डोकं, तिन्ही घेऊन जा आणि त्यांच्यासमोर दहा टाके विणा. सूत बोटावर कसं धरता हे शेजारी बसलेल्यालाच दिसतं.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, रात्री बोटं बधिर होत असतील, तर विणणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. घट्ट विणीच्या नादात मनगट धरून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बाम लावून पुढचा पाय पुरा करण्याची ती वेळ नाही.

खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर प्लास्टिकचे डोळे लावूच नका, मागे वॉशर असला तरी. सैल विणीतून वॉशरसकट डोळा बाहेर येऊ शकतो. दोऱ्याने डोळे भरा. आणि मुलाने डोळा गिळला असं वाटलं तर घरी वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

शेवटचं, कारण हे मला हल्ली वरचेवर विचारतात. डेन्मार्कमध्ये 2013 साली स्वयंसेवकांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणायला सुरुवात केली. त्याचे पाय बाळाच्या मुठीत नाळेसारखे येतात, अशी त्यामागची कल्पना. त्यांचे नियम कडक आहेत: शंभर टक्के सुती सूत, ताणल्यावर पाय 22 सेंटिमीटरपेक्षा लांब नाही, 60 अंशांवर धुता येईल असं काम. तुमच्या ओळखीत असं बाळ काचेच्या पेटीत असेल आणि तुम्हाला मनापासून काही द्यायचं असेल, तर विणायला बसण्याआधी त्या वॉर्डच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर आग्रह करू नका. हो म्हटलं तर सूत, लांबी आणि धुण्याची पद्धत त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि देण्याआधी टॉर्च आत धरून प्रत्येक फेरी पुन्हा एकदा बघा.